सोलापुरातून जर्मनीत एमएस : कन्सल्टन्सीवाले सव्वा लाख मागतायत, द्यावेत का?

कन्ना_चौक | ११ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी २०२३ ला सोलापुरातूनच मेकॅनिकलची बीई झाले. सीजीपीए ८.२. सध्या चिंचोळी एमआयडीसीत क्वालिटीला आहे, पगार १८ हजार. बाबा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, आई घरी शिवण करते. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरला जर्मनीत मास्टर्सला जायचं असं ठरवलंय. घरात अजून फक्त आईला माहीत आहे.

गेल्या रविवारी इथल्या एका कन्सल्टन्सीत जाऊन आले. एसी हॉल, भिंतीवर झेंडे, व्हिसा लागलेल्या पोरांचे फोटो. 'पूर्ण पॅकेज' सव्वा लाख. पाच युनिव्हर्सिट्यांची यादी दिली, घरी येऊन शोधलं तर पाचही खाजगी निघाल्या. फी वर्षाला दहा-बारा लाख. मी विचारलं, सरकारी का नाही? तर म्हणाले, "मॅडम, आठ पॉइंट दोन म्हणजे तिकडे काहीच नाही."

खरंच काहीच नाही का? आणि हे सगळं आपलं आपण करता येतं का? ओळखीत कुणी गेलेलं नाही.

हुतात्मा_डी३ | ११ ऑगस्ट २०२४

करता येतं. मी २०१९ ला केलंय, आणि तेव्हा माझं इंग्रजी 'आय ॲम गोइंग टू मार्केट' एवढंच होतं.

आधी तो ८.२ चा विषय संपवू. जर्मनीत १ म्हणजे सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले मार्क तिकडच्या मापात बसवायला एक सूत्र वापरतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल वजा किमान पासिंगने भाग, तीनने गुण, एक मिळव. कमाल १०, पासिंग ४ धरलं तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. म्हणजे १.९. बऱ्याच सरकारी विद्यापीठांची अट २.५ ची असते, ती ७.० सीजीपीएलाच पूर्ण होते. तेव्हा 'काहीच नाही' म्हणणाऱ्याला सूत्र तरी माहीत नाही, किंवा चांगलंच माहीत आहे.

खाजगी संस्था विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतात, सरकारी विद्यापीठ एक पैसा देत नाही. यादीत पाचही खाजगी का आल्या ते यातच आलं.

डाड म्हणजे जर्मनीची विद्यार्थी-देवाणघेवाण संस्था, तिच्या संकेतस्थळावर इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम शोधता येतात, फुकट. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठात शिकवणी फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. अपवाद लक्षात ठेव : बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावलीय.

बे_सोलापुरी | ११ ऑगस्ट २०२४

सव्वा लाखात गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेत, दोन स्टॉल लागतात बे. नको देऊ.

विजापूर_रोड_ते_टेक्सास | १२ ऑगस्ट २०२४

धागा जर्मनीचा आहे, पण शोधत इथे येणाऱ्यांसाठी अमेरिकेचं थोडक्यात. कॉलेजने घेतलं की ते आय-२० पाठवतं, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं पत्र, त्यासाठी पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च कागदावर दाखवावा लागतो. सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची फी) ३५० डॉलर, व्हिसा १८५ डॉलर. शिक्षणानंतर एक वर्ष ओपीटी, म्हणजे तिथे काम करायची परवानगी, स्टेमवाल्यांना (विज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) आणखी दोन. त्यापुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, ती लागेल या भरवशावर घर गहाण टाकू नये. संशोधनाची खरीच आवड असेल तर थेट पीएचडीला अर्ज करा. फी माफ होते आणि वर महिन्याला स्टायपेंड मिळतो. आपल्याकडे पीएचडी म्हटलं की 'अजून किती शिकणार' असं विचारतात, म्हणून ही वाट कुणी बघतच नाही.

कन्ना_चौक | १२ ऑगस्ट २०२४

@हुतात्मा_डी३, १.९! काल रात्री सूत्र तीनदा मांडून बघितलं. धन्यवाद दादा.

मग आता सुरुवात कशापासून? आयईएलटीएसच्या, इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लासपासून ना?

हुतात्मा_डी३ | १२ ऑगस्ट २०२४

नाही. पासपोर्ट आणि दहावीची मार्कशीट टेबलावर शेजारी शेजारी ठेव आणि नाव एकेक अक्षर लावून वाच. मग बीईची डिग्री. मग आधार. झालं की इथे लिही.

कन्ना_चौक | १२ ऑगस्ट २०२४

अरे देवा.

आमचं आडनाव तेलुगू आहे. दहावीला दोन 'एल', पासपोर्टला एक 'एल', आधारला दोन 'एल' पण शेवटी 'आय'च्या जागी 'ई'. आणि मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं, मग आईचं.

हुतात्मा_डी३ | १३ ऑगस्ट २०२४

आडनाव आधी असण्याची फार काळजी करू नकोस, महाराष्ट्रातल्या सगळ्यांचंच तसं आहे. अक्षरांचं मात्र आत्ताच निस्तर. दहावीची मार्कशीट हा मूळ खांब धर, बाकी सगळं त्याच्याकडे ओढून आण. आधी आधार, मग पासपोर्ट. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरांतल्या, अर्ध्या पोरांची हीच गत असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ऐकलं तसं लिहिलेलं असतं.

आणि हे सगळं झाल्यावरच एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते प्रमाणपत्र सक्तीचं झालंय. आपली कागदपत्रं खरी आहेत असा दिल्लीहून दाखला, फी १८,००० रुपये. एका अक्षरासाठी तिथे अर्ज अडकला की पुढचं सगळंच अडकतं.

जुळे_सोलापूरची_मावशी | १३ ऑगस्ट २०२४

माझ्या भाच्याच्या पासपोर्टला आडनावाची जागाच रिकामी होती, सगळं नाव एकाच रकान्यात. अमेरिकेच्या व्हिसावर त्याचं पहिलं नाव 'एफएनयू' असं छापून आलं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. तिकडे मित्र त्याला अजून फनू म्हणतात. हसू नका, बँकेत खातं उघडताना त्याला घाम फुटला होता.

टॉवेलवाला | १५ ऑगस्ट २०२४

कडू बोलतो, राग मानू नका ताई. माझा मावसभाऊ इंग्लंडला एक वर्षाचं एमएस्सी करून आला. तिकडे नोकरी लागली नाही, दोन वर्षांनी परत. कर्जाचा हप्ता अजून चालू आहे आणि काकांनी तीन लूम विकले. तुमचा पगार १८ हजार. समजा १६ लाख कर्ज पूर्ण उचललं आणि दहा टक्के धरले तर महिन्याचं नुसतं व्याज १३ हजारांच्या वर जातं. हे गणित सूत्राच्या आधी मांडा.

कन्ना_चौक | १५ ऑगस्ट २०२४

राग कसला. हेच गणित मी बाबांना दाखवायला घाबरतेय.

निवृत्त_शाखाधिकारी | १६ ऑगस्ट २०२४

टॉवेलवाल्यांचं गणित बरोबर आहे. ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली सात कर्ज विभागात, म्हणून चार गोष्टी सांगतो.

शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर काही महिने हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. तेवढं तरी दर महिन्याला भरता आलं तर भरा. पैसे टप्प्याटप्प्याने उचलता येतात, तेव्हा सगळ्या सोळा लाखांवर पहिल्या दिवसापासून व्याज लागत नाही. व्याजावर ८०ई खाली आयकरात सवलत आहे, आठ वर्षं.

तारण न देता साडेसात लाखांपर्यंत मिळू शकतं. त्यावर गेलात की राष्ट्रीयीकृत बँक घर मागते. आणि आपल्या सोलापुरात गाडी नेमकी इथेच रुतते. शेतजमीन चालत नाही. गुंठेवारीचा प्लॉट म्हटलं की पॅनेलवरचा वकील फाइल हातातसुद्धा घेत नाही. घर असलं तरी सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव कुणाचं आहे ते बघा. माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी पोरांच्या फाइली गुणांमुळे नव्हे, आजोबांच्या नावामुळे परत गेल्या आहेत. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, घरपट्टी मुलगा भरतोय, वीजबिल मुलाच्या नावावर, आणि उताऱ्यावर अजून आजोबाच. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही हो.

कन्ना_चौक | १६ ऑगस्ट २०२४

काका, उतारा कुठे मिळतो?

निवृत्त_शाखाधिकारी | १६ ऑगस्ट २०२४

नगर भूमापन कार्यालयात, ऑनलाइनही निघतो. मिळकत पत्रिका म्हणतात त्याला. आजच काढा.

कन्ना_चौक | २० ऑगस्ट २०२४

काढला. आजोबाच आहेत.

लाल_बावटा | २० ऑगस्ट २०२४

पोरी, घाबरू नको. वारस नोंद होते. आजोबांना मुलं किती?

कन्ना_चौक | २० ऑगस्ट २०२४

बाबा आणि चार आत्या. दोघी इथेच, एक भिवंडीला, एक हैदराबादला. हैदराबादच्या आत्याशी आमचं आठ वर्षं बोलणं नाही.

कन्ना_चौक | २४ नोव्हेंबर २०२४

तीन महिने गायब होते, आता हिशोब देते.

नाव : आधार झालं, पासपोर्टही झाला. पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदारांनी विचारलं, "एका एलसाठी?" म्हटलं, हो काका, एका एलसाठी. त्यांनी पाणी पिऊन सही घेतली आणि गेले.

आयईएलटीएस : ७. क्लास लावला नाही, दररोज कंपनीच्या बसमध्ये जाता-येता चाळीस मिनिटं ऐकायचे. स्पीकिंगला समोरच्या बाईंनी विचारलं, तुमच्या शहरातल्या एखाद्या वस्तूबद्दल सांगा. मी चादरीबद्दल बोलत सुटले, ताणा-बाणा, जकार्ड, सगळं. वेळ संपली तरी मी बोलतच होते.

ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्र दाखला) केगावला, विद्यापीठात, जाऊन आले. शिवाय चारही वर्षांचा अभ्यासक्रम पीडीएफ करून ठेवलाय. तिकडे कोणते विषय किती क्रेडिटचे शिकलात ते ताडून बघतात, नुसती टक्केवारी पुरत नाही.

शिफारसपत्राला सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." हे बरोबर आहे का?

एपीएसचा अर्ज केला. आणि हो, मी सुरुवात केली तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटला ११,२०८ युरो लागत होते, १ सप्टेंबरपासून ११,९०४ झाले.

घराचं अजून तसंच.

नव्याने_आलेला | २४ नोव्हेंबर २०२४

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे काय?

हुतात्मा_डी३ | २५ नोव्हेंबर २०२४

एक वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच एका खात्यात भरून ठेवायचा. तिकडे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो तुझे तुलाच मिळतात. म्हणजे ही फी नाही, आपलेच पैसे कुलपात. पण कुलपात घालायला आधी हातात पाहिजेत ना.

@कन्ना_चौक, पत्र स्वतः लिहू नकोस. सरांना एका कागदावर तू केलेली कामं लिहून दे : प्रोजेक्टमध्ये कुठलं माप चुकत होतं, कसं पकडलंस, मशिन कुठलं. त्यावरून ते दोन परिच्छेद लिहितील. पोरांनी लिहिलेल्या पत्रात सगळे प्रोफेसर एकाच आवाजात बोलतात, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. आणि सरांना कॉलेजच्या ईमेलवरून पाठवायला सांग, जीमेलवरून नको.

चार_हुतात्मा_चौक | २ डिसेंबर २०२४

मी १९९४ ला गेलो तेव्हा सोलापूरला विद्यापीठच नव्हतं, ते २००४ चं. ट्रान्सक्रिप्टला कोल्हापूरला एसटीने जायचं, शिवाजी विद्यापीठात. एका बंद लिफाफ्यासाठी तीन खेपा. लिफाफा अमेरिकेला पोचायला तीन आठवडे आणि पोचला की नाही ते कळायला आणखी तीन. तुम्हा पोरांना पीडीएफ करता येतं, एवढ्यावरच मी जळतो.

ज्यांची घरची परिस्थिती बेताची आहे त्यांनी शिष्यवृत्त्या बघाच. अनुसूचित जातीच्या मुलांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे, विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या दोनशेत हवं. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी वेगळी योजना आहे. कुठल्याही जातीच्या मुलांना जे. एन. टाटा एंडोमेंटचं कर्ज-शिष्यवृत्तीचं दार उघडं आहे, ते १८९२ पासून चालू आहे.

कन्ना_चौक | १९ जानेवारी २०२५

आज लिहायचंच होतं.

संक्रांतीला हैदराबादची सोडून तिन्ही आत्या गड्ड्याला आल्या. हैदराबादच्या आत्याला बाबांनी स्वतः फोन केला. आठ वर्षांनी. बाबा फोनवर फक्त एवढंच बोलले, "अक्षतेला ये. पोरीचं एक काम आहे." ती आली. नंदीध्वज बघून झाले, जेवणं झाली, आणि बाबांनी टीपॉयवर हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला. खोलीत कुणी बोलेना. चहाच्या कपांवर साय धरली.

हैदराबादच्या आत्याने चष्मा लावून चारही पानं वाचली. मग मला विचारलं, "किती वर्षांचं शिक्षण?" म्हटलं, दोन. "मला दहावीनंतर पाठवलं नाही," ती म्हणाली. बाबांकडे न बघता. "सही कुठे?"

परवा दुय्यम निबंधकांकडे चौघींच्या सह्या आणि अंगठे झाले. बाहेर आल्यावर भिवंडीच्या आत्याने सगळ्यांना उसाचा रस पाजला. वारस नोंदीचा अर्ज आता आत आहे.

जुळे_सोलापूरची_मावशी | १९ जानेवारी २०२५

डोळे भरून आले गं. एक सांगते, त्या आत्याला ॲडमिशनचं पत्र सगळ्यात आधी पाठव.

टॉवेलवाला | २० जानेवारी २०२५

माझं मत अजून तेच आहे. पण सही झाली हे बरं झालं. शिक्षण असो नसो, उतारा नीट पाहिजेच.

कन्ना_चौक | १४ जून २०२५

प्रवेश मिळाला! सात ठिकाणी अर्ज केले होते, त्यातले चार यूनी-असिस्टमधून, म्हणजे अनेक विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेतून. (पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०.) तिघांनी नाही म्हटलं, दोघांचं उत्तर नाही, दोघांनी हो म्हटलं. त्यातलं केम्निट्झ घेतलं. एकेकाळी त्या गावाला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे, कापडाच्या गिरण्यांचं गाव. बाबांना एवढं सांगितल्यावर बाकी काही सांगावं लागलं नाही.

सव्वा लाखातला एक रुपया दिला नाही, पण अर्ज, एपीएस, परीक्षा मिळून ६० हजारांच्या वर गेलेच. फुकट काही नाही.

लाल_बावटा | १४ जून २०२५

केम्निट्झ!! अगं ते १९५३ ते १९९० कार्ल मार्क्स श्टाट होतं. चौकात मार्क्सचं सात मीटर उंचीचं डोकं आहे, नुसतं डोकं. पोचलीस की आधी तिथला फोटो. विडी कामगारांच्या पोरींना दाखवतो.

निवृत्त_शाखाधिकारी | १५ जून २०२५

अभिनंदन. मंजुरीपत्रात 'ब्लॉक्ड अकाउंट' हा शब्द आणि युरोतला आकडा लिहून घ्या. नाहीतर बँक म्हणते, आम्ही फी थेट विद्यापीठाला देतो, आणि तुमच्या विद्यापीठाला तर फीच नाही. या घोळात माझ्यासमोर एका मुलाचे तीन आठवडे गेले. आणखी एक, १ एप्रिलपासून शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच कापला जाणारा कर, लागत नाही. जुन्या पोस्टी वाचून कुणी अर्धा टक्का कापत असेल तर दाखवा.

कन्ना_चौक | २७ जुलै २०२५

कर्ज झालं, १५ लाख. मूल्यांकन, सर्च रिपोर्ट, सगळं एका फेरीत पार पडलं, कारण उतारा स्वच्छ होता. काका, तुम्हाला पेढे.

एक चटका : गेल्या ऑगस्टमध्ये युरो ९३ च्या आसपास होता, आता शंभरी गाठलीय. तेच ११,९०४ युरो अकरा लाखांचे जवळजवळ बारा झाले. या एका लाखाबद्दल कुठली यादी, कुठला क्लास सांगत नाही.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन व्हिसाचे कागद देऊन आले. जर्मनीने १ जुलैपासून नकारावर फेरविचाराचा अर्ज करायची सोय बंद केलीय, म्हणून प्रत्येक कागद तीनदा तपासला. रात्रभर गाडीत फाइल उशाशी.

नव्याने_आलेला | २८ जुलै २०२५

ताई, बॅगेत काय काय नेताय? यादी टाका ना.

कन्ना_चौक | ११ सप्टेंबर २०२५

व्हिसा आला. २३ किलोची एक बॅग.

आईने तूप आणि पेढे भरले होते, ते काढले. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. शेंगा चटणी चालते, ती दीड किलो घेतली. कुकर तिकडे महाग, म्हणून तीन लिटरचा घेतला आणि आत मसाले कोंबले. चादर एक, ती जड आहे पण बाबांनी ज्या लूमवर काम केलं त्या कारखान्यातली आहे, ती जाणारच.

अडलंय ते कडक भाकरीवर. बारा घेतल्यात. चेक-इनला टाकल्या तर चुरा होईल, हातात घेतल्या तर लॅपटॉपला जागा नाही. कुणी नेल्यात का?

चार_हुतात्मा_चौक | ११ सप्टेंबर २०२५

१९९४ ला नेल्या होत्या. स्टीलच्या ताटात उभ्या नाही, आडव्या. वर दुसरं ताट उपडं. फडक्याने आवळून बांधायचं आणि ते सगळं चादरीच्या मधल्या घडीत. चादर नेतेच आहेस.

बे_सोलापुरी | ११ सप्टेंबर २०२५

विमानात चटणीचा डबा उघडू नको बे, सगळे मागतील.

कन्ना_चौक | ५ ऑक्टोबर २०२५

पोचले. नावनोंदणी झाली, खोली मिळाली, मार्क्सच्या डोक्याचा फोटो @लाल_बावटा यांना पाठवलाय.

बारापैकी तीन मोडल्या. चुरा दुधात घालून खाल्ला.